कुणी न मरणारं पुस्तक

शकूताई आमच्या वाचनालयात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन पुस्तकांच्या कपाटांना नमस्कार केला आणि मग मला विचारलं, "मास्तर, कुणी मरत न्हाई असं पुस्तक हाय का?"

मी मास्तर नाही. वारज्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर, लाँड्रीच्या शेजारी, मी वाचनालय चालवतो आणि माझा स्वभाव चांगला नाही असं सभासद म्हणतात. उन्हाळ्यात तो आणखी बिघडतो, कारण परीक्षा संपल्या की आमची उन्हाळी योजना सुरू होते, माणशी दुप्पट पुस्तकं मिळतात आणि ती दुप्पट पुस्तकं मीच निवडून द्यावीत अशी सगळ्यांची अपेक्षा असते. कुणाला हलकंफुलकं हवं असतं. कुणाला जाड हवं असतं, पण लवकर संपणारं. एका बाईंना दिवाणखान्यातल्या पडद्यांना शोभेल अशा निळ्या पाठीचं हवं होतं. अशांना मी शांतपणे विचारतो, "आपण वाचणार आहात की मी?" शकूताईंना मात्र हे विचारावंसं वाटलं नाही. असा प्रश्न मला आजवर कुणी विचारलाच नव्हता.

"कुणासाठी हवंय?" मी म्हटलं.

"सुनंसाठी. सातवा लागलाय. डॉक्टरीणबाईंनी पडून ऱ्हायला सांगितलंय. कुणी मरायचं न्हाई, कुणी रडायचं न्हाई, आन् सासू वाईट नको. पोटातलं समदं ऐकतं."

"ताई, एवढं सगळं वगळलं तर मराठी साहित्यात उरतं काय?"

"ते तुमी बगा. दुकान तुमचं हाय."

शकूताई इथल्याच. आज जिथे आमच्या सोसायट्यांच्या रांगा उभ्या आहेत तिथे पूर्वी त्यांची वांगी आणि मेथी असायची. जमीन बिल्डरला गेली, तीन मजली घर झालं, वरच्या मजल्यांवर कॉलेजची पोरं भाड्याने राहतात, पण बाईंच्या हाताची सवय गेली नाही. भाजीवाल्याकडे त्या प्रत्येक भेंडीचा शेंडा मोडून बघतात आणि भाजीवाला काही बोलला तर त्यालाच भेंडी कशी लावावी ते सांगतात. त्यांचे यजमान गेनबा दिवसभर ओट्यावर बसून रहदारी बघतात. मुलगा विक्रम हिंजवडीत नोकरीला. तिथेच त्याला अकोल्याची तेजस्विनी भेटली आणि दोघांनी घरी सांगून, थोडी रडारड करून, लग्न केलं.

गेल्या वर्षी तेजस्विनीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते. रीतीप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवास नाही म्हटलं आणि तिच्या आईला वडिलांच्या आजारपणामुळे इकडे येता येईना. म्हणजे सगळं शकूताईंच्या अंगावर आलं. "लोकाची लेक हाय," त्या मला म्हणाल्या. "काय इपरीत झालं तर तिच्या आईम्होरं कुठल्या तोंडानं उभी ऱ्हाऊ?" हे त्यांनी भेंडीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी खुर्चीवरून उठलो. मी सहसा उठत नाही.

मग आम्ही शोधायला लागलो. ऐतिहासिक कादंबऱ्यांचं कपाट शकूताईंनी दुरूनच सोडलं. तिथे मुखपृष्ठावरच तलवारी होत्या. ग्रामीण कादंबऱ्यांत दुष्काळ पडतो आणि निदान एक बैल तरी जातोच. कौटुंबिकात सासू. चरित्रं मी स्वतःच बाजूला ठेवली, कारण चांगला लेखक चरित्र माणूस मेल्यावरच थांबवतो. विनोदी कथासंग्रह मी मोठ्या विश्वासाने काढून दिला. त्यांनी शेवटून उघडला. शेवटच्या गोष्टीत एक कंजूस काका मरतो आणि सगळे खूश होतात.

"मेला की," शकूताई म्हणाल्या.

"अहो, पण गंमत आहे त्यात."

"त्याच्या बायकूला इचारा."

परीकथा दिल्या. त्यात राक्षसाचा जीव पोपटात असतो आणि राजपुत्र पोपटाची मान मुरगळतो. राक्षसाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. पोपटाने काय केलं होतं, एवढंच त्यांनी विचारलं. शेवटी एक हिमालयाचं प्रवासवर्णन आणि एक पाककृतींचं पुस्तक घेऊन त्या गेल्या. त्या दिवशी मला दुपारची झोप लागली नाही. आपण मराठीत एवढी माणसं कशासाठी मारतो, हा प्रश्न मला पूर्वी कधी पडला नव्हता.

पुस्तकं परत आली ती माझं रक्त तापवूनच. हिमालयातली काही पानं सेफ्टीपिना लावून एकमेकांना जोडलेली होती. पिना काढून पाहिलं तर आत दरड कोसळत होती. पाककृतींच्या पुस्तकात पपईचं प्रकरण पुरतं बंद केलेलं. मला कळलं ते असं, की बाई चौथीपर्यंत शिकलेल्या. ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत त्या आधी स्वतः सगळं पुस्तक वाचत, जिथे जिथे धोका दिसेल तिथे पिन लावत आणि मगच ते सुनेच्या हातात देत. भाजी निवडून, धुऊन द्यावी तसं. पिना त्यांच्या बांगडीलाच लटकलेल्या असायच्या.

मी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "वाचता येतं ना आपल्याला? हे वाचा."

त्यांनी बोट फिरवत पाटी वाचली. "पानं दुमडू नयेत. फाडू नयेत. रेघा मारू नयेत. हळद लावू नये." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पिना लावू नका असं कुठं लिवलंय?"

ते लिहिलेलं नव्हतं. मी संध्याकाळी लिहिलं. पण शकूताई काही थांबल्या नाहीत, आणि कुणाच्या तरी बाळासाठी लावलेली पिन काढून टाकताना मला आवाजात दम देण्याइतका जोर आणवेना. इतर सभासदांपैकी एका निवृत्त साहेबांच्या अंगठ्याला, माझ्या नजरेतून सुटलेल्या पिनेमुळे, हिमालय टोचला. त्यांना मी म्हटलं, "थंड हवेचं ठिकाण आहे, थोडं सोसायला हवं."

मे महिन्यात शकूताईंचा फोन आला. सुनेला आता एकटं सोडता येत नाही, तेव्हा मास्तरांनीच पुस्तकं घरी आणून द्यावीत. मी आयुष्यात कुणाला पुस्तक घरपोच दिलेलं नाही. टळटळीत उन्हात पिशवी घेऊन गेलो. मी दारात पोहोचतो तोच पाण्याचा टँकर आला आणि टाकी निम्मीच भरून चालक निघाला म्हणून शकूताई त्याच्याशी भांडायला खाली धावल्या.

तेजस्विनी खिडकीशी पलंगावर टेकून बसली होती. मी पुस्तकं पुढे केली आणि म्हटलं, "सासूबाईंनी अजून तपासली नाहीत. थांबावं लागेल."

ती हसायला लागली. "काका, मी सगळं वाचते. पिनवाली पानं तर आधी वाचते. पिन दिसली की समजतं, इंटरेस्टिंग पार्ट इथे आहे. मग त्याच भोकांतून परत लावून ठेवते."

"आणि बाकी वेळ?"

"मोबाईलवर मर्डरची सिरीज. इयरफोन लावून. आईंना वाटतं मी स्तोत्र ऐकते."

मला हसावं की त्या बोट फिरवत वाचणाऱ्या बाईंची बाजू घ्यावी, कळेना. मी म्हटलं, "मग सांगून का टाकत नाहीस? त्यांचे कष्ट तरी वाचतील."

तेजस्विनीने खिडकीतून खालच्या भांडणाकडे पाहिलं. "नका सांगू, प्लीज. मागच्या वेळी ते झालं तेव्हा मी रडले, विक्रम रडला, बाबासुद्धा ओट्यावर बसून रडले. आई नाही रडल्या. त्यांनी घरातले सगळे डबे घासायला काढले. दिवसभर घासत होत्या. आत्ता त्या पुस्तक घेऊन बसतात ना, तेव्हा निदान त्यांच्या हाताला काहीतरी असतं."

तेवढ्यात टँकरवाल्याला हरवून शकूताई वर आल्या, पुस्तकं ताब्यात घेतली आणि मला ताक दिलं. मी ताक पिऊन निघालो.

त्यानंतर मी निवडायची पद्धत बदलली. वरून साधं दिसणारं, मुखपृष्ठावर फूल किंवा पणती असलेलं, पण आत तीन-चार तरी चांगले मृत्यू आणि जमल्यास एखादा खून असलेलं पुस्तक मी शोधून ठेवू लागलो. सुनेचाही उन्हाळा चांगला जायला हवा. आणि शकूताईंच्या हाताला काम. माझ्या धंद्यात दोन वाचकांना एकाच पुस्तकात खूश करणं हे काही खायचं काम नव्हे, पण उन्हाळाभर मी ते केलं. एकदा फोनवर त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमची पुस्तकं हल्ली लई पिना खात्यात."

"साहित्याची अवस्था वाईट आहे, ताई," मी म्हटलं.

शाळा उघडल्या, उन्हाळी योजना संपली, पण त्यांच्याकडची पुस्तकं काही आली नाहीत. मी फोन केला नाही. मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. दिवसातून दहादा दाराकडे बघायचो आणि मधल्या मध्ये सभासदांवर खेकसायचो.

एका सकाळी शकूताई आल्या. चपला बाहेर काढल्या, पुस्तकं टेबलावर ठेवली, त्यांवर पेढ्यांचा पुडा ठेवला. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायत. इहीणबाई बी आल्यात काल. म्हणल्या, मी असते तर मला बी एवढं जमलं नसतं."

मी एक पेढा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला.

शकूताई गेल्या नाहीत. भिंतीकडच्या बाकावर बसल्या. मग म्हणाल्या, "मास्तर, एक पुस्तक द्या. सुनंला न्हाई, मला."

"साधंच ना? कुणी न मरणारं?"

"न्हाई. चांगलं रडायचं द्या. मागल्या सालचं रडायचं ऱ्हायलंय माझं. तवा पोरीम्होरं रडले न्हाई, मग तिला दिवस गेले म्हणून रडले न्हाई. आता घरात बाळ हाय, पाव्हणे हायत. कुठं रडू?"

मी आतल्या कपाटातून माझ्याकडचं सगळ्यात दुःखी पुस्तक काढलं. ते मी स्वतः दोनदा वाचलं आहे. त्यात गोष्ट फार सावकाश चढत जाते आणि पहिली शंभर पानं तर निव्वळ एका लग्नाची धामधूम आहे.

शकूताईंनी ते मांडीवर घेतलं, पहिलं पान उघडलं, पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि रडायला लागल्या.