गांजाचा कायदा आन् माझा चहा

हसायचं असंल तर आधी हातातला कप खाली ठेवा, न्हायतर ठसका लागंल. कारण मी केलेला गाढवपणा चहाचाच हाय. म्हंजे सुरवात झाली गांजापासनं, पण मुक्काम पडला चहात!

आमच्या आप्पांचा आवाज ऐकायला पायजे हुता तुम्ही. बिरोबाच्या देवळात ते भजनाला बसलं की निपाणीला निघालेल्या तंबाखूच्या गाड्या वाटंत थांबायच्या. भजन सरलं की म्हातारी मंडळी चिलीम फिरवायची. मग गांजाबंदीचा नवा कायदा आला. पोलिसांनी आमच्या बांधावरची दोन झाडं उपटून नेली आन् त्याच महिन्यात आप्पांचं भजन बंद पडलं. एकतारी खुंटीला लागली. घर नुसतं मुकं झालं बघा.

माझं डोस्कं फिरलं. ठरवलं, जिल्हा परिषदेला उभं ऱ्हायचं आन् कायदा बदलून आणायचा! आप्पांचा आवाज परत आणायचाच.

देवळात सभा घेतली. म्हटलं, "म्हाताऱ्यांची दोन झाडं, त्यात सरकारचं काय जातंय?" टाळ्या पडल्या. तेवढ्यात बाळाप्पा पुजारी उठला. माझ्याच वयाचा, लई चाबरा.

"निवडून गेलास की इसरशील. देवाचा भंडारा उचलून शपथ घे आन् जिवाची एक वस्तू सोड."

"तंबाखू सोड!" मागनं कुणीतरी ओरडलं.

निपाणी भागात ऱ्हाऊन तंबाखू? घरातली मतंबी पडायची न्हाईत! मी देवाचा भंडारा मुठीत घेतला आन् गरजलो, "कायदा बदलंस्तवर चहा पिणार न्हाय!"

मनात म्हटलं, दोन महिन्यांचा तर सवाल हाय.

दुसऱ्या दिवशी बेळगावला फॉर्म भरायला गेलो. तिथल्या कानडी कारकुनानं माझं पत्रक वाचलं आन् चष्मा काढला.

"अण्णा, ह्ये कायदा दिल्लीत होतंय री. जिल्हा परिषदेत काय, रस्ता, बोअर, शाळा."

"मग ह्यो बदलायचा कुणी?"

"दिल्लीला उभं ऱ्हावा की! बसा, चहा घ्या," म्हणत त्यानं कप माझ्याम्होरं सरकवला.

आता माघार घ्यावी तर गावात तोंड कसं दाखवायचं? पत्रकं वाटत फिरलो. जाईल तिथं लोकं म्हणायची, "गांजासाठी चहा सोडला, म्हंजे गडी केवढा ओढत असंल!" आवं, मी जल्मात चिलीम हातात धरली न्हाय! बेळगावच्या खासबागेतनं सासरा आला, तो माझ्या बायकोला, पारूला, माहेरी न्यायलाच. तिनं त्याला जेवू घालून परत लावून दिलं, म्हणून वाचलो.

व्हायचं तेच झालं. डिपॉझिट गेलं. तोंड पाडून आप्पांम्होरं बसलो.

"न्हाय जमलं, आप्पा. तुमचं भजन काय परत येत न्हाय."

"भजनाचा आन् गांजाचा काय संबंध?" आप्पा म्हणालं. "मी चिलीम नुसती म्होरं सरकवायचो. माझा गणूतात्या गेला रं त्या महिन्यात. त्याच्या मृदंगाबिगर गाऊ कसा?"

गणूतात्याच्या मातीला मीबी गेलतो. पण डोस्क्यात सगळी झाडंच!

"मग बोलला का न्हाईसा?"

"तू इचारलंस कवा?"

इलेक्शन सरलं, पर भंडारा उचललेला तो सरतोय व्हय? लई जड जायची ती सकाळ. पहाटं चुलीम्होरं मी आन् पारू बसायचो, गुळाचा चहा प्यायचो. दिवसातलं आमचं बोलणं तेवढंच. आता ती काय करायची? रोज दोन कप वतायची आन् एक माझ्याम्होरं ठेवायची.

"आवं, रेडिओवर लागली काय कायद्याची बातमी? चहा गार हुतोय."

मी नुसता वास घ्यायचो. ती गालात हसायची आन् माझाबी कप पिऊन टाकायची. किती वर्षं चाललं ह्ये! मग एक दिवस ती गेलीच. त्या वासासाठी आजबी जीव तुटतोय माझा.

तिच्या वर्षश्राद्धाला बाळाप्पा भेटला. म्हटलं, "देवाला दिलेला शब्द पुरा हुईत नसंल तर काय करत्यात रं?"

"एक नारळ वाढवायचा आन् चुकलो म्हणायचं. सुटला."

"अरं गाढवा, मग एवढी वर्षं सांगितलं का न्हाईस?"

"तू इचारलंस कवा?"

वाढवला नारळ. घरी यिऊन चूल पेटवली, चहा केला, दोन कप वतले. एक घोट घेतला. चव तिच्या हातची न्हवती.

गूळ किती टाकायची ती, तेबी कधी इचारलं न्हाय.