साहेबाचा जीर्णोद्धार

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, नातवंडं सांभाळतात. मी एका मेलेल्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याच्या मागे लागलो. भडगावजवळ गिरणा नदीच्या काठी त्याची कबर होती. गावाच्या लेखी ती कबर नव्हतीच. गाव त्याला साहेबबाबा म्हणायचं, कबरीच्या दगडाला शेंदूर फासायचं आणि केळीचा पहिला घड त्याच्यापुढे ठेवायचं.

समुद्रावरचा माणूस इतक्या आत आला कसा? जुनी पत्रं बारा वर्षं धुंडाळली तेव्हा थोडंफार कळलं. पोरसवदा वयात तो जहाजावर चढला, किनाऱ्यांचे नकाशे काढता काढता कप्तान झाला. मग वादळात त्याचं जहाज खडकावर फुटलं, माणसं बुडाली. खलाशांना टाकून हा आधी होडीत बसला, असा ठपका आला. नोकरी गेली. तोंड लपवायला तो खानदेशात भावाकडे आला आणि इथल्याच तापानं गेला. पण त्याच्या एका सोबत्यानं पत्रात लिहून ठेवलं होतं की, जहाजावर खरं काय घडलं ते आम्ही त्याच्या दगडावर कोरवून घेतलंय. नावाखाली चार ओळी आहेत, असंही त्यात होतं; पण त्या आता बोटभर शेंदराखाली.

त्याची पणती विलायतेत असते, ऐंशीच्या पुढची. तिच्या घरात त्याचं नाव काढायची चोरी. मरण्याआधी त्या ओळी वाचायच्यात, असं तिनं मला कळवलं. साहेबबाबाची पूजा करणाऱ्या म्हाताऱ्या आबांना मी जाऊन सांगितलं, "त्याची पणती येतेय. तिच्यासमोर शेंदूर हलकेच काढू." एवढ्यावर गप्प बसावं ना! वर शहाणपणा केला, "दगडाला तडा गेलाय हं आबा, जपा."

महिन्याभरानं ती आली. गाडीतून उतरून मी तिला कबरीकडे घेऊन गेलो. समोर पांढऱ्या फरशीचा ओटा, स्टीलचा कठडा आणि मधोमध काळा कुळकुळीत नवा दगड, त्याला ताजा शेंदूर.

"आबा, जुना दगड कुठंय?"

"तडा गयेल देव पूजाले चालस का, गुरुजी? गिरणामाईले दिना, वाजत-गाजत." आबा खुशीत होते. "पाव्हनी येनार म्हनीसन बठ्ठा गाव राबना."

दगड नदीत सोडला होता आणि धरणातून पाणी सुटलेलं. नदी दुथडी भरून चालली होती. मासे धरणारे दोन भोई दुपारपर्यंत बुड्या मारत राहिले. हाताला गाळ तेवढा लागला. मला आबांवर ओरडायचं होतं. पण भंगलेल्या देवाचं जे करतात तेच त्यांनी केलं होतं, आणि तो भंगलाय हे सांगणारा मीच. बारा वर्षांत एकदा तरी बोटानं तो शेंदूर खरवडला असता तर! गावाचं मन दुखवायचं नाही म्हणून राहिलो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

आबांनी तिच्या हातात नारळ दिला. ती काठीवर वाकून नव्या दगडावरून हात फिरवत होती. तो सगळीकडे सारखाच गुळगुळीत होता.

"नावाखाली काय लिहिलं होतं?" तिनं विचारलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. नारळ छातीशी धरून ती गाडीत बसली आणि भडगाव मागे पडल्यावर एवढंच बोलली, "माझी आजी त्याची मुलगी. ती मरेपर्यंत म्हणायची, बाबा पळाले. म्हणजे आता तेच राहणार."