पाटीवरची पाच तोंडं

आमच्या नातीला पुढच्या ओट्यावर बसायचं असायचं आणि मी तिला बसू देत नव्हतो. भांडण एवढंच. पण ते दोन वर्षं चाललं, कारण हट्टी मीही आणि ती माझीच नात.

तिचे हातपाय जन्मापासून ताठ. बोलणं घरच्यांनाच कळायचं. डोकं मात्र माझ्यापेक्षा तेज. मी चौथीपर्यंत शिकलो, ती घरबसल्या पेपर वाचायची. लातूरच्या आमच्या गल्लीत तेव्हा क्लासवाल्या पोरापोरींचा पूर लोटलेला. आमच्या माडीवरसुद्धा चार पोरी भाड्यानं होत्या. संध्याकाळी क्लास सुटले की गल्लीत पाय ठेवायला जागा नसे. नातीला ती गर्दी बघायची होती. मला ते लोक तिच्याकडं बघून "अरेरे" करतात ते ऐकायचं नव्हतं. म्हणून तिची खुर्ची मागच्या खोलीत, अंगणाच्या तोंडाला. अंगणात एक पेरूचं झाड आणि धुणं.

एकदा सून सांगत आली, "मामा, रविवारी दवाखान्यातली बाई येणार हाय. पोरगी कशी राहती, तिला काय वाटतं, ते फॉर्मवर लिहून नेणार. पोरीलाच विचारणार म्हणं."

फॉर्म म्हटल्यावर मी सावध झालो. भूकंपानंतर आमच्या गावी असाच एक साहेब फॉर्म घेऊन आलेला. काय पडलं, विचारलं. मी छाती काढून सांगितलं, "आमचं काय बी अडलं न्हाई." शेजारी गळा काढून रडला. त्याच्या घरावर पत्रे आले आणि मी दोन पावसाळे गोठ्यात म्हशीशेजारी काढले. तेव्हा एक अक्कल आली, ती अशी की कागदापुढं हसायचं नाही.

माडीवरच्या धर्माबादच्या पोरीकडून मी पाटीवर पाच तोंडं काढून घेतली. बाईच्या कागदावर अशी तोंडं असतात आणि पोरीनं त्यांवर हात ठेवून सांगायचं असतं, हे सुनेनं सांगितलं होतं. पहिलं खदखदून हसणारं, शेवटचं रडणारं. आणि सुरू केला क्लास. लातुरात राहून क्लास लावायचा नाही म्हणजे काय?

"पाय दुखतात का?"

नात आपली डावी मूठ हसणाऱ्या तोंडावर ठेवायची.

"अगं, रडकं! रडक्यावर ठेव. दवाखान्यात नंबर लागायचा हाय तुझा."

जिन्यात उभी राहून धर्माबादची पोरगी दात काढायची. "आबा, निगेटिव्ह मार्किंग हाय का?"

"तू तुझं फिजिक्स बघ!"

चार दिवसांत नात तयार झाली. काहीही विचारा, मूठ थेट रडक्यावर. शनिवारच्या सराव परीक्षेत पैकीच्या पैकी. मी गल्लीभर सांगत फिरलो, कशात ते न सांगता.

रविवारी बाई आली. चटईवर बसली आणि खरंच तसलाच पाच तोंडांचा कागद काढला. मी शेजारी खुर्ची टाकली. पहिला प्रश्न, "अंगात बरं वाटतं का?" नातीची मूठ हसणाऱ्या तोंडावर. मी खोकलो. "मजा येते का दिवसभरात?" पुन्हा हसणारं. मी जास्तच खोकलो. पाय दुखतात का, तर दुसऱ्या तोंडावर, म्हणजे थोडंच.

"ताई, पोरीला प्रश्न कळंना झालाय. पुन्हा विचारा."

"आजोबा, तिला कळतंय. तुम्ही जरा तिकडं तोंड करून बसा."

माझ्याच घरात मला भिंतीकडं तोंड करून बसवलं! वर हातात एक फॉर्म दिला. तेच प्रश्न, पण नातीला काय वाटत असेल ते मी भरायचं. मी दणादण खुणा केल्या. दुखणं, रडकं. मजा, रडकं. एका ठिकाणी लिहिलं होतं, घरात तिचं ऐकतात का, तिला हवं तिथं बसता येतं का? तिथं मी ताठ मानेनं सगळ्यात हसऱ्या तोंडावर खूण केली. आमच्या घरात पोरीचं ऐकत नाहीत, असं कोण म्हणेल?

तेवढ्यात मागून धप्प आवाज आला. मग पुन्हा धप्प. वळून बघतो तर नातीची मूठ रडक्या तोंडावर आणि डोळे माझ्यावर. बाईनं नुकताच तोच प्रश्न विचारला होता.

बाईनं दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिला हसू आवरेना. "आजोबा, तुमचा पेपर हिच्या बरोब्बर उलटा आलाय."

"मग हिचा चुकला."

"यात चूक-बरोबर नसतं हो. तिला काय वाटतं ते तिलाच माहीत."

"आणि दवाखान्यातला नंबर?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

बाई गेल्यावर मी नातीला धारेवर धरलं. "घरी तर सगळं बरोबर सांगत होतीस!"

ती तुटक तुटक, नीट जोर लावून म्हणाली, "घरी तुमचा पेपर होता, आबा. आज माझा."

सून हसू दाबत, पदर तोंडाला लावून आत पळाली. तिसऱ्या दिवशी मागच्या खोलीत डास लई झालेत असं जाहीर केलं आणि खुर्ची पुढच्या ओट्यावर आणली. "मामा, आत एक बी डास न्हाई की," सून म्हणाली. तिच्याकडं मी लक्ष दिलं नाही.

नातीनं पाटी मांडीवर घेतली. क्लास सुटले तशी पोरं थांबायला लागली. ती पाटी पुढं करायची, आणि पेपर कसा गेला ते पोरं बोट ठेवून सांगायची. बहुतेक रडक्यावरच.

मग एक पांढऱ्या कपड्यातले गृहस्थ आले. थांबले, तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अरेरे!"

मी काठी घेऊन उठलोच. पण नातीची पाटी आधी पुढं गेली. गृहस्थ गोंधळले आणि त्यांनी रडक्या तोंडावर बोट ठेवलं. नात माझ्याकडं वळून म्हणाली, "आबा, ह्यांनाच मागच्या खोलीत नेऊन बसवा."

"काय म्हणते पोरगी?" त्यांनी विचारलं.

मी काठी खाली ठेवली. "बसा म्हणते," म्हणालो.