राजाची सही

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. राज्यशास्त्राचं जेमतेम एक वर्ष झालेल्या मुलाने राजांविषयी लिहावं, याबद्दल आधीच क्षमा मागतो. पण शेजारच्या खोलीतलं एक छायाचित्र डोळ्यांपुढून हलत नाही.

वसतिगृहाच्या त्या खोलीत पाली शिकायला आलेले एक परदेशी भन्ते राहतात. छायाचित्रात त्यांच्या देशाचा राजा एका भिक्खूसमोर जमिनीवर बसून हात जोडतो आहे. भन्तेंचा धाकटा भाऊ तिकडे तुरुंगात आहे. म्हाताऱ्या आईने राजाकडे दयेचा अर्ज केला होता.

मी भाबडेपणाने म्हणालो, "भन्ते, राजा तुमच्या पाया पडतो. मग तुम्हीच सांगा ना त्याला!"

ते हसले. "अरे, तो चीवराला नमस्कार करतो. माझ्या भावाच्या अंगावर चीवर कुठे आहे?"

मग म्हणाले, माफीसाठी नावं सरकार पाठवतं, राजा सही करतो. आमच्या पुस्तकात हे दीड ओळीत आहे, आणि परीक्षेत ती ओळ लिहून मी गुणही मिळवले आहेत. त्या ओळीत कुणाची आई वाट पाहत असेल, हे मनात आलं नव्हतं. सगळ्यांदेखत गुडघे टेकणाऱ्या राजाला एक दार एकट्याने उघडता येत नाही. त्याची सत्ता मोठी म्हणावी की लहान, मला अजून कळत नाही.

परवा भन्तेंना त्यांच्या आईचा फोन आला. राजाची सही झाली. भावाच्या शिक्षेची आठ वर्षं उरली होती, आता चार उरली. आई भन्तेंना म्हणाली, "चार वर्षं जगेन मी."