आमेनबाईंची फॉरवर्ड प्रार्थना

सर्व लहानथोरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जालन्यात आमच्या गल्लीत देवाशी थेट संपर्क असलेली एकच बाई होती, आणि तिला आमेनबाई म्हणत. भाजीवाल्याने मेथीचा भाव सांगितला, तरी ‘आमेन’ म्हणून त्या पिशवी पुढे करत. आता त्या प्रभूत निजल्या. भाजीवाला मात्र अजून हळहळतो.

कुणी प्रार्थना मागितली की बाई आधी त्याचा हात धरत. “कुठं दुखतंय ते बराबर सांग. देवाला मोघम चालत न्हाई.” मग डोळे मिटून अशा बोलत, जणू शेजारच्या ओट्यावरच्या माणसाशी गप्पा.

पुढे मोबाइल आला आणि चर्चच्या ग्रुपवर प्रार्थनेच्या विनंत्यांचा पूर लोटला. पहिले काही दिवस बाईंनी प्रत्येकाला वेगळी प्रार्थना बोलून पाठवली. मग एकच झकास रेकॉर्ड केली आणि सगळ्यांना फॉरवर्ड करू लागल्या. मी टोकलं, तर म्हणाल्या, “देव तोच, दुखणं तेच. मंग घसा कामून कोरडा करायचा?”

भोकरदनला त्यांचे दीर, शमुवेलभाऊ. हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं आणि वहिनींच्या प्रार्थनेशिवाय गाडीत बसायचं नाही, असा त्यांचा हट्ट. बाईंनी प्रार्थना पाठवली. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला. “अक्का, ह्याच्यात कुण्या मार्थाचे गुडघे बरे कर म्हणलंय. यांचं तर काळीज हाय.”

बाईंनी फोन खाली ठेवला. चेहरा पदराने पुसला, पुन्हा पुसला. त्या दिवशी कशालाच आमेन नाही.

सकाळच्या बसने आम्ही भोकरदनला निघालो. मी निव्वळ गंमत बघायला. बाई वाटभर खिडकीकडे तोंड करून बसल्या. मोबाइल मुद्दाम घरी ठेवला होता. दारात गाडी उभी, आणि शमुवेलभाऊ खाटेवर ठाण मांडून.

“या मार्थाबाई,” ते म्हणाले. “गुडघे कसे हायेत?”

मी हसलो. दुसरं कुणीच हसलं नाही, मग मी खाली बघितलं.

बाईंनी त्यांचा हात हातात घेतला, डोळे मिटले. आम्ही माना लववल्या. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, ओठ हलले, थांबले. आणि मग सगळ्यांदेखत त्यांच्या तोंडून निघून गेलं:

“प्रभू, लई दिवस झाले, आपलं बोलणंच न्हाई झालं.”