वाजवून पाहिलेलं शहर

आई माठ घ्यायची तो बोटांनी वाजवून. अमेरिकेत आल्यावर मलाही तीच खोड लागली, कारण इथल्या मॉलमधले दगडी खांब वाजवले की पोकळ निघायचे.

ऐंशीच्या दशकात आम्ही नवरा-बायको स्पेनमधल्या सान सेबास्तियान या बास्क शहरात पायी हिंडलो, तेव्हा जुन्या पेठेतली एकही कमान मी वाजवल्याशिवाय सोडली नाही. दगड भरीव होता. तरी माझी खात्री पटेना. टुरिस्टांचा हात पोचतो तेवढाच भाग खरा लावला असणार!

समुद्राकाठी खडकांत लोखंडाचे अजस्र पंजे रोवले होते, म्हणे मॉडर्न आर्ट. मी डेट्रॉइटचा मोटार इंजिनिअर, गंजाशी जन्माचं वैर. “रंग द्यायचा कंटाळा केला आणि म्हणे कला!” मी करवादलो.

बायको वैतागली. “लोकांची गावं किती वाजवाल?”

मिशिगनला परतल्यावर एका सकाळी मी अंगणात उभा राहिलो. आमच्या घराची दर्शनी दगडी भिंत समोर होती. तिच्यापुढे काढलेले फोटो आम्ही सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते. मी तिच्यावर हलकेच टकटक केलं.

आतून बायकोचा आवाज आला, “कोण आहे? थांबा, दार उघडते!”