दोन भाड्याचे कॅमेरे, एक मामा आणि सांगोल्याचा वारा

कॅमेरा घ्यायचा असं मी जाहीर केलं तेव्हा घरात कुणालाही आनंदाचं भरतं आलं नाही. नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला, फोनमध्ये आहे की. मी म्हटलं, फोनमध्ये घड्याळही आहे, मग मनगटावर काय बांधून फिरतोस? यावर त्याने पेपराचं पान उलटलं, आणि आमच्या घरात पान उलटणं म्हणजेच मंजुरी. भिशी नुकतीच मला लागली होती. बजेट साठ हजारांच्या आसपास. मागणीही काही राजेशाही नव्हती. फोटो छान यावेत, व्हिडिओ छान यावा आणि गळ्यात अडकवून मान मोडू नये.

मग सगळे करतात तेच मी केलं. यूट्यूब लावून बसले. एक पोरगा म्हणतो डोळे मिटून हाच घ्या, दुसरा म्हणतो हा घेतलात तर पस्तावाल, आणि दोघांच्याही मागे तेच निळ्या दिव्यांचं कपाट. आठवड्याभरात सेन्सरचे आकार मला तोंडपाठ झाले. नववीला भूमिती शिकवताना 'वर्तुळाची त्रिज्या' म्हणायच्या जागी 'लेन्सची त्रिज्या' म्हणाले आणि वर्ग खिदळला. निर्णय मात्र होता तिथेच.

अशात सांगोल्याहून मामीचा फोन आला. माझ्या आईचं माहेर सांगोला तालुक्यात, गावाबाहेरच्या एका वस्तीवर. तिथे मामा, मामी आणि त्यांची मेंढरं राहतात. मामाच्या गळ्यात स्वरयंत्रावर गाठ आली होती. गाठ साधीच आहे असं डॉक्टर म्हणाले, पण ती काढल्यावर महिनाभर तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि त्यानंतर आवाज आधीसारखाच येईल याची खात्री नाही. आता अडचण अशी, की मामाची मेंढरं संध्याकाळी माळावरून घरी येतात ती फक्त त्याच्या हाळीवर. जीभ टाळ्याला लावून काढलेला एक लांब 'ट्र्र्र' आणि त्यामागून 'ये ये येऽऽ'. मामीने तसंच ओरडून बघितलं होतं. मेंढरं ढिम्म. महिनाभर ती सगळी मामीच्याच अंगावर पडणार होती.

"संगे, तू कॅमेरा घेतीयास म्हनं," मामी म्हणाली. "आप्रेशनच्या आदी ह्यांची हाळी भरून दे की. फोनात भरली तर नुस्तं वारंच वाजतंय."

झालं. आता कॅमेऱ्याला काम मिळालं, आणि मला निघायला कारण.

आमच्या सोलापुरात, नवी पेठेतल्या एका गल्लीत, रफिकभाईंचा स्टुडिओ आहे. ते लग्नाच्या शूटिंगवाल्यांना कॅमेरे भाड्याने देतात. कॅमेरा निवडणाऱ्या समस्त बंधू-भगिनींना माझा पहिला सल्ला हाच: विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने घ्या, आणि तेही लग्नसराई नसताना. श्रावण लागलेला, मुहूर्त बंद, रफिकभाईंचे कॅमेरे कपाटात झोपलेले. आधार कार्डाची झेरॉक्स ठेवून घेऊन त्यांनी ते अगदी किरकोळ भाड्यात दिले. वर म्हणाले, "यूट्यूब देखके नक्को लेव मॅडम. हात में लेके देखो, फिर लेव."

मी दोन उचलले. एक जरा जुन्या घडणीचा, दणकट, हातात घेतला की आपण कुणीतरी आहोत असं वाटायला लावणारा. त्याचं नाव मी थोरला ठेवलं. दुसरा नव्या पद्धतीचा, हलका, स्क्रीन बाहेर उघडून हवा तसा फिरणारा, माणसांचे आणि जनावरांचे डोळे आपोआप ओळखणारा. तो धाकटा. धाकट्याला बाहेरचा माइक लावायची सोय होती, थोरल्याला नव्हती. कॉलरला लावायचा बिनवायरचा माइकही रफिकभाईंनी दिला. त्यावर बसवायची केसाळ टोपी मात्र वेगळी विकत घ्यावी लागेल म्हणाले. वाऱ्यासाठी असते. एवढ्याशा केसांच्या गोळ्याला एवढे पैसे? मी सरळ नाही म्हटलं. खरं सांगायचं तर मन थोरल्यावर बसलं होतं. माइकबिइक शूटिंगवाल्यांना, आपल्याला काय करायचंय?

शनिवारी सकाळची शाळा उरकून दुपारी निघालो. नवरा गाडी चालवायला. सोलापूर सोडून तिऱ्हे, कामती, बेगमपूर करत मंगळवेढ्याचा रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की बोलता बोलता भीमेवरचा पूल मागे पडतो. दोन तासांत सांगोला येतं. मंगळवेढ्याच्या अलीकडे एका टपरीवर चहा घेतला आणि घरचे धपाटे, शेंगा चटणी सोडली. तेवढ्यात मी थोरल्याने चहावाल्याच्या किटलीचा फोटो काढला. काय फोटो आला म्हणता! वाफ न् वाफ मोजून घ्यावी. नवऱ्यानेसुद्धा दोनदा बघितला. मी मनात कॅमेऱ्याची पिशवी कुठल्या रंगाची घ्यायची तेही ठरवून टाकलं.

सांगोल्याच्या पुढे मुख्य रस्ता सोडला की मज्जा संपते. खड्डे, बाभळी, दोन्हीकडे डाळिंबाच्या बागा आणि समोरून येणारा पाण्याचा टँकर. टँकरला वाट द्यायला गाडी उतारावर घालावी लागते, तेव्हा छोट्या गाडीवाल्यांनी बेताने यावं. श्रावण म्हटलं की लोकांना हिरवंगार काहीतरी आठवतं. इकडचा श्रावण म्हणजे ढग येतात, बघतात आणि पुढे जातात. मागे ठेवतात ते फक्त वारं. गाडीचं दार उघडलं तर पदर, केस आणि रफिकभाईंची पावती तिन्ही तीन दिशांना.

मामा कुडाला टेकून बसला होता. आवाज घोगरा झालेला, पण खोड तीच. जावयाला म्हणाला, श्रावण हाय पावनं, मेंढरं तुमाला बघून लई खूश हायती. ऑपरेशनचा विषय काढला तर म्हणे, म्हैनाभर मी गप बसणार, तुझ्या मामीची दिवाळी. मामी भाकरी थापता थापता म्हणाली, दिवाळी कसली, भांडायला माणूस न्हाय. दोघं हसले. मीही हसले, म्हटलं चला, मामाने काही मनाला लावून घेतलेलं दिसत नाही.

संध्याकाळी थोरल्याला घेऊन माळावर गेलो. मेंढरं चरत लांब पसरली होती. त्यांच्यात एक म्हातारी मेंढी आहे, कान फाटलेला म्हणून तिचं नाव कानतुटी. ती निघाली की बाकीची तिच्यामागे निघतात. उन्हं कलती, मामाचा लाल पटका, मागे धुळीचा पडदा. मी म्हटलं, मामा, घाल हाळी.

मामाने पटका नीट केला, मिशी पुसली, हात मांडीला चिकटवले, छाती पुढे काढली आणि श्वास रोखून उभा राहिला. वाट बघितली, बघितली. शेवटी मी म्हटलं, अरे व्हिडिओ आहे, हल की, बोल की. तोंड न हलवता दातांतून उत्तर आलं, "हाललं की फोटू बिघडतो." आयुष्यात तो एकदाच स्टुडिओत गेला होता, लग्नानंतर, मामीबरोबर. तिथल्या फोटोवाल्याने दिलेला दम त्याच्या अंगात अजून मुरलेला होता. कॅमेरा समोर आला की माणसाने खांब व्हायचं.

मग मी पाठ फिरवून उभी राहिले, खांद्यावरून कॅमेरा मागे धरला, नाना सोंगं केली. शेवटी एकदाची हाळी मिळाली. घरी येऊन बघितलं तर चित्र असं देखणं की भिंतीवर लावावं. आणि आवाज? फुर्रर्र फुर्रर्र. त्यात मामा कुठेतरी विहिरीत पडल्यासारखा. तरी मामीच्या भजनाच्या लाल स्पीकरवर लावून बघितलं. वाडग्यातल्या, म्हणजे काटेरी कुंपणाच्या आतल्या, एकाही मेंढराने मान वळवली नाही. मामीचा चेहरा उतरला. ती तव्याकडे वळली. मला स्वतःचाच राग आला. किटलीच्या वाफेवर भाळून मी आले होते कशाला आणि करत होते काय!

सकाळी धाकटा बाहेर काढला. मामाच्या सदऱ्याला माइक लावला, कानात हेडफोन घातले. पुन्हा फुर्रर्र. केसांचा गोळा! पैसे वाचवले ना बाई, भोगा आता. भिंतीच्या खुंटीला मामाचं घोंगडं लटकत होतं. मी त्याचा कोपरा हातात घेऊन कात्री मागितली तर मामीने घोंगडं असं ओढून घेतलं, जसं काही मी पोटच्या पोरावर कात्री धरली होती. मग आत जाऊन पोत्यातली लोकर आणली, मागच्या कातरणीची. मी ती पिंजून माइकभोवती गुंडाळली, दोऱ्याने बांधली. मामाच्या कॉलरवर चिमणीचं घरटं दिसायला लागलं. हेडफोनमध्ये वारं मात्र पार मावळलं.

राहिला खांबाचा प्रश्न. तो धाकट्याने सोडवला. माइक मामाजवळ, म्हणजे कॅमेरा त्याच्या तोंडासमोर नेण्याची गरजच नाही. मी लांब बांधावर तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, रोवलं, स्क्रीन उघडली. सेटिंग चुकून जनावरांवर होतं, त्यामुळे डोळा ओळखणारी चौकट मामाला सोडून कानतुटीच्या डोळ्याला जाऊन चिकटली. मामाला हे दाखवलं तर तो बेहद्द खूश. कॅमेऱ्याला मेंढरू कळतं म्हणजे कॅमेरा चांगला, असा त्याचा निकाल. मी म्हटलं, तू जा तुझ्या कामाला, मी अजून बटण दाबलं नाही. बटण दाबलेलं होतं.

मामा मेंढरांत गेला आणि माइकला विसरला. स्क्रीनवर तो बोटाएवढा दिसत होता, पण कानात त्याचा श्वास, चपलेचा आवाज, मेंढरांचं चरणंसुद्धा. आणि मग तो बोलायला लागला. कानतुटीच्या पाठीवर हात ठेवून, हळू, घोगऱ्या आवाजात.

"म्हैनाभर मी गप ऱ्हाणार हाय, बाय. फुडं आवाज येगळा यील म्हनत्यात. वळख म्हंजे झालं. तू वळखलंस की बाकीची येत्यात."

मला तिथे बांधावर रडू आलं. काल जावयाशी, मामीशी, माझ्याशी चेष्टा करणारा हा माणूस आतून याच एका गोष्टीने धास्तावला होता, आणि ते त्याने सांगितलं कुणाला, तर मेंढीला. नवरा विचारत होता काय झालं. मी म्हटलं, डोळ्यात धूळ गेली. त्या माळावर ते कुणालाही पटलं असतं.

थोड्या वेळाने मामाने लांब जाऊन हाळी घातली. पूर्ण, खणखणीत, घोगरेपणासकट. दुपारी तेवढाच तुकडा कापून मामीच्या फोनवर घातला. मामाला घरामागे बसवलं आणि वाडग्याच्या तोंडाशी लाल स्पीकर ठेवला. मामीने पदराने हात पुसून बोटाने दाबलं. ट्र्र्रऽऽ, ये ये येऽऽ. माळावर कानतुटीने मान वर केली. मग निघाली, आणि तिच्यामागे सगळी, धुरळा उडवत. मामीने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

मामा घरामागून डोकावून बघत होता. स्पीकरभोवती जमलेल्या मेंढरांकडे बराच वेळ बघून म्हणाला, "डबड्याला मालक केलं व्हय?" आम्ही हसलो. तो हसला नाही.

निघताना मामीने डाळिंबं गाडीत टाकली. हाळीआधीचं बोलणं मी तिला सांगितलं नाही. ते मामाचं आणि कानतुटीचं होतं. तो भाग मी पुसलाही नाही, वेगळा ठेवलाय.

सोलापुरात सोमवारी थोरला परत केला आणि धाकटा विकत घेतला. रफिकभाईंना वाटलं त्यांचं ऐकलं. कॅमेरा शोधणाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं, की फोटो सगळेच बरे काढतात. आपण नेमकं काय पकडून आणायला निघालोय ते आधी ठरवा, माइकची सोय बघा, दुसरी बॅटरी घ्या (धाकटा चार्जिंग खातो), सगळे पैसे कॅमेऱ्यातच घालू नका. आणि केसांचा गोळा घ्या. माझ्याकडे अजून लोकरच आहे. दोरा बदलते अधूनमधून.

ऑपरेशन नीट पार पडलं. महिनाभर रोज संध्याकाळी लाल स्पीकर वाजला आणि मेंढरं घरी आली. मामी सांगते, रोज आधी स्पीकर हुंगायची आणि मग मामाच्या खाटेकडे जायची. मामाला हे सांगितलंस का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, सांगायचं काय, त्ये सोताच बघत बसायचे की.

मागच्या आठवड्यात मामीने एक व्हिडिओ पाठवला, तिच्या फोनवर काढलेला. वाकडा, अर्ध्या चित्रात तिचं बोट. मामा पाठमोरा उभा आहे. हात तोंडाशी नेतो, खांदे वर होतात. मेंढरं चरतच राहतात. मामीचा दुसरा हात चित्रात येतो, स्पीकर धरलेला, आणि तसाच थांबतो. मामा पुन्हा खांदे उचलतो. कानतुटी मान वर करते. बघत राहते, इतका वेळ की दर वेळी मी फोन डोळ्यांजवळ नेते. मग ती निघते.

कितीदा बघितला असेल देव जाणे. आवाजाच्या नावाने नुसती फुर्रफुर्र, वाऱ्यापुढे मामाचा एक शब्द ऐकू येत नाही. फोन केला तर तो येत नाही. डॉक्टरांनी दिवसाकाठी थोडंच बोलायला सांगितलंय, आणि ते थोडं तो मेंढरांवर खर्च करतो. त्यामुळे मामाचा नवा आवाज कसा आहे ते मला अजून माहीत नाही. कानतुटीला माहीत आहे.